एक वृद्ध महिला, सात शेळ्या

निवृत्तीच्या निरोपसमारंभात महाविद्यालयानं मला शाल, नारळ आणि बर्फाळ शिखराची एक भलीमोठी तसबीर दिली. शिखर कोणतं, हे देणाऱ्यांना माहीत नव्हतं. घेणाऱ्यालाही नव्हतं. प्राचार्य भाषणात म्हणाले, "सरांनी हिमालय आपल्या तालुक्यात आणला." टाळ्या पडल्या. मी नम्रपणे मान खाली घातली. वाशीम जिल्ह्यात हिमालय आणायचा तर तो ट्रकमध्ये घालूनच आणावा लागेल, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण निरोपाच्या दिवशी कोण बोलतो?

मी मंगरूळपीरकडच्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. कबड्डीची मैदानं आखणं, खो-खोचे खांब रोवणं आणि पंधरा ऑगस्टला पोरांच्या रांगा सरळ करणं यात माझी बरीच वर्षं सुखात गेली. मग एके दिवशी विद्यापीठाचं परिपत्रक आलं. 'साहसी उपक्रम नेतृत्व' नावाची एक वर्षाची पदविका सुरू करायची होती. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही तरुणपणी हिमालयात गेला होतात ना?"

गेलो होतो. अठ्ठावीस दिवसांच्या शिबिरातले अकरा दिवस मी दवाखान्याच्या तंबूत ओकाऱ्या काढत होतो. पण दाखल्यावर ओकाऱ्यांचा उल्लेख नसतो. दाखल्यावर एवढंच असतं की हा मनुष्य आला होता. अशा रीतीनं मी विभागप्रमुख झालो. विभागात दुसरं माणूस म्हणजे शिपाई वामनराव. दोर त्यांच्या ताब्यात असत आणि चहाही.

पहिली अडचण कड्याची. दोरावरून कडा उतरायला शिकवायचं तर आधी कडा हवा. आमच्याकडे माळ आहे, पठार आहे, मैलोन् मैल सोयाबीन आणि तूर आहे. पडून हाड मोडावं असा कडा हाताशी नाही. मी दोन आठवडे मोटारसायकलवरून फिरलो आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचे कडे जमिनीच्या वर नसून खाली आहेत. जुन्या, कोरड्या पडलेल्या, दगडानं बांधलेल्या विहिरी, चांगल्या साठ-साठ फूट खोल! निंबाच्या बुंध्याला दोर बांधायचा, कमरेला पट्टे आवळायचे, डोक्यावर टोप घालायचा आणि पाठमोरं विहिरीत उतरायचं. बाकीच्या जगात माणूस आधी चढतो आणि मग उतरतो. आमचा विद्यार्थी आधी उतरायचा आणि मग त्याला कळायचं, की आता चढायचं आहे.

ज्यांच्या शेतात पहिली विहीर मिळाली ते शेतकरी सकाळपासून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून पाहत होते. सातवा विद्यार्थी वर आल्यावर त्यांना राहवलं नाही.

"मास्तर, खाली काई पडलं काय?"

"नाही."

"मंग गाळ काढून राह्यले?"

"नाही. उतरायचं आणि वर यायचं."

"माहा बाप गाळ काढाले उतरे," ते म्हणाले, "एक दोर अन् एक टोपलं. त्याले कोनं डिप्लोमा देला नाई."

मी आठव्या विद्यार्थ्याच्या कमरेचे पट्टे आवळले.

पण धंद्याची खरी गोष्ट सांगतो. बाहेरच्या लोकांना वाटतं, साहसी नेतृत्व म्हणजे दोर, गाठी आणि फोटो. गाठी कुणालाही येतात. आमच्या पोरांना तर बैल बांधायच्या गाठी पाळण्यापासून येत होत्या. दहा माणसं रानात नेऊन दहाच्या दहा परत आणणं, एवढाच हा धंदा. त्यासाठी मी दरवर्षी पहिल्या तासाला तीन गोष्टी फळ्यावर लिहायचो. माणसं मोजत राहा. चेहऱ्याकडे नको, पायांकडे बघा. आणि जो बोलता बोलता गप्प झाला, त्याच्याकडे आधी जा. ओरडणारा माणूस क्वचितच अडचणीत असतो. "सर, मेलो" म्हणणारा संध्याकाळी दोन ताटं जेवतो. गप्प झालेला मात्र तुमच्या डोळ्यांदेखत हातचा जातो. हे मी पुस्तकातून घेतलेलं नव्हतं, त्या दवाखान्याच्या तंबूतून आणलेलं होतं. माझ्या बाजूच्या खाटेवरचा मुलगा असाच गप्प झाला होता. तो वाचला, पण थोडक्यात.

अभ्यासक्रमातली सगळ्यात अवघड परीक्षा म्हणजे 'एकांत'. विद्यार्थ्यानं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत रानात एकट्यानं बसायचं. सोबत पाण्याची बाटली, वही आणि गळ्यात शिट्टी. मोबाइल आमच्याकडे जमा. खायचं नाही, जागा सोडायची नाही, कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. मनात येईल ते वेळ टाकून वहीत लिहायचं. संकट आलं तर तीन शिट्ट्या. ज्यानं हे लिहिलं त्यानं डोळ्यांपुढे निर्मनुष्य दरी ठेवली असणार. आमच्याकडे रान आहे, पण निर्मनुष्य ही सोय नाही. माळावर माणूस एकटा बसला की अर्ध्या तासात दुसरं माणूस येऊन विचारतं, "काहून बसले?" आणि तुम्ही उत्तर दिलं नाही तर ते जेवायला आणतं.

पहिल्या वर्षी एक विद्यार्थी भाकरी, ठेचा आणि दोन कांदे खाऊन परतला. न खाणं उद्धटपणा झाला असता, असं त्यानं वहीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी एकाच्या हातातली वही बघून गावात बातमी गेली की महामार्गाची मोजणी आली. दुपारपर्यंत सातबाऱ्याचे उतारे घेऊन अकरा जण त्याच्यापुढे रांगेत बसले होते. "साहेब, माही विहीर त्यात घ्या" असं निम्मे म्हणत होते आणि "माही सोडा" असं निम्मे. पोरगं नियमाला पक्कं, बोललं नाही. त्यामुळे ते फारच वरचे अधिकारी असावेत, असं ठरलं.

तिसऱ्या वर्षी दुर्गा आली. आसेगावकडची. आईवडील वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावणारे, आणि ही पहाटे बाजारात माल उतरवून वर्गात वेळेवर. उंचीनं बेताची, बोलणं मोजकं. विहिरीत उतरताना बाकीचे देवाचं नाव घेत. ही गाठ दोनदा तपासून निघायची. सह्याद्रीतल्या एका शिबिर चालवणाऱ्या संस्थेनं तिला प्रशिक्षक म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, पदविका हातात हवी. वर्गातल्या सोळा जणांत मला खात्री होती अशी ती एकटीच होती. तिचं नोकरीचं पत्र मी तिच्याहून जास्त वेळा वाचलं असेल.

एकांताची जागा मी निवडायचो. त्या वर्षी परीक्षक बाहेरून येणार, कडक असणार, हे कळलं होतं. म्हणून सगळ्यांना मी वेगवेगळ्या दिवशी दूरदूर बसवलं आणि दुर्गाला सगळ्यात चांगली जागा दिली. गायरानाच्या टोकाला एक निंब, दाट सावली, शेजारी जुनी विहीर. तीन वर्षं विहिरीकडे कडा म्हणून बघणाऱ्या माणसाला विहीर म्हणजे आणखी काय असू शकतं, हे सुचलं नाही. एक तरुण मुलगी, एकटी, विहिरीच्या काठी, विचारलं तर बोलत नाही आणि कागदावर काहीतरी लिहिते आहे. वाचणाऱ्यांच्या आत्ताच लक्षात आलं असेल. मला दिवसभर आलं नाही.

नऊच्या सुमारास गयाबाई आल्या. साठी उलटलेल्या, सात शेळ्या, हातात काठी. मी आणि परीक्षक चारशे पावलांवरच्या टेकाडावर छत्रीखाली दुर्बीण घेऊन बसलो होतो. गयाबाई थांबल्या, काही बोलल्या. दुर्गानं गळ्यातलं कार्ड पुढे केलं. त्यावर मी छापून घेतलं होतं, 'मी विद्यार्थिनी आहे, अभ्यास सुरू आहे.' गयाबाईंना वाचता येत नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी कार्ड पाहिलं, वही पाहिली, विहीर पाहिली, आणि दुर्गा आणि विहीर यांच्या मधोमध बसकण मारली.

दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. गयाबाई उठेनात. दुर्बिणीतून त्यांचं तोंड सतत हलताना दिसत होतं. शेळ्या शेजारच्या तुरीत शिरल्या, तरी त्यांनी मान वळवली नाही. शेळ्या राखणारी बाई तुरीत गेलेल्या शेळ्यांकडे बघत नाही, यावरून तरी मला काही समजायला हवं होतं. मी परीक्षकांना म्हटलं, "सर, मी जाऊन त्या बाईंना सांगून येतो."

"व्यत्यय हाच परीक्षेचा भाग आहे," ते म्हणाले. "तीन शिट्ट्या वाजल्या का?"

वाजल्या नव्हत्या. मी बसलो आणि वामनरावांनी चहा ओतला.

सव्वाचारला दुर्गाचे ओठ हलले. परीक्षकांनी दुर्बीण खाली ठेवली आणि तक्ता भरला. तो तक्ता मला पाठ आहे. 'बाह्य व्यत्ययात मनाची स्थिरता : शून्य. व्यत्ययाचा प्रकार : एक वृद्ध महिला, सात शेळ्या.' खाली दोन सह्यांची जागा होती.

सही करण्याआधी मी दुर्गाची वही वाचली. वही वाचणं विभागप्रमुखाचं काम असतं.

'९.२० – आजी म्हणतात, कोणं मारलं का तुले, घरी काही झालं का. ९.४० – त्यांना वाटतं, मी जीव द्यायला आले आहे. मान हलवून नाही म्हटलं. त्यांना पटलं नाही. ११.०० – त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगत आहेत. १२.३० – भाकरी पुढे केली. मी घेतली नाही. मग त्यांनीही खाल्ली नाही. २.१५ – पाणी संपलं त्यांचं. माझ्या बाटलीतलं दिलं. शेळ्या तुरीत आहेत, भांडण होणार. आजी म्हणतात, तू बस, मी बी बसतो, मले काई घाई नाई. ४.१० – आजी बोलता बोलता गप्प झाल्या. त्यांची मान कलते आहे. मी बोलेपर्यंत त्या उठणार नाहीत. बोलायचं ठरवलं. नापास होईन.'

शेवटचे दोन शब्द तिनं बोलण्याच्या आधी लिहिले होते. मी ते वाचले, पेन उघडलं आणि परीक्षकांच्या सहीशेजारी सही केली. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की नियम म्हणजे नियम, आणि शिवाय अभ्यासक्रमाची मान्यता नूतनीकरणाला गेलेली होती. दुसरं कारण खरं होतं. मला त्या सहीची लाज वाटते, आणि ती लाज इथे छापून आली तरी कमी होणार नाही.

दुर्गा रडली नाही. म्हणाली, "सर, तुमीच सांगतलं होतं. गप्प झाला त्याच्याकडे आधी जा." टोमणा असता तर बरं झालं असतं. ती फक्त सांगत होती. सह्याद्रीतली जागा दुसऱ्या कुणाला गेली आणि दुर्गा वर्षभर वांगी तोडत राहिली.

चार दिवसांनी मी त्या गावात सरपंचांचे आभार मानायला गेलो. आभार हाही अभ्यासक्रमाचा भाग असतो. पाराजवळ गयाबाईंनी मला गाठलं; परीक्षा होती, एवढं दुर्गानं बोलल्यावर त्यांना सांगितलं होतं. तुरीवरून त्यांचं खूप भांडण झालं होतं, असं मागून कळलं.

"मास्तर, पोट्टी पास झाली काय?"

मी म्हणालो, "झाली." त्यांचा चेहरा इतका फुलला, की माझ्या तोंडून पुढचंही निघून गेलं, "पहिल्या नंबरानं."

त्या घरात गेल्या आणि मूठभर गूळ घेऊन आल्या. "मी बसलो होतो ना तिच्यापाशी दिवसभर," त्या पारावरच्या लोकांना सांगत होत्या. "लय धीर देला पोट्टीले." मी तो गूळ खाल्ला.

पुढच्या वर्षी दुर्गाला फक्त एकांताची परीक्षा पुन्हा द्यायची होती. मी जागा बदलून मागितली. विद्यापीठाचं उत्तर आलं, 'पुनर्परीक्षा मूळ परिस्थितीतच घेण्यात यावी.' वामनरावांनी पत्र वाचून विचारलं, "मंग शेळ्या बी सातच पायजेत काय, सर?"

मला हसू आलं नाही. तेच रान, तोच निंब, तीच विहीर, आणि तिथून रोज जाणारी तीच बाई, जिला मी सांगून बसलो होतो की ही मुलगी पास झाली. पास झालेली मुलगी त्याच विहिरीच्या काठी पुन्हा गप्प बसलेली दिसली, तर त्या बाईनं काय समजायचं? आणि दुर्गा पुन्हा बोलली तर पदविका कायमची गेली. दुसरी संधी शेवटची होती. गयाबाईंकडे जाऊन खरं सांगणं हा उपाय होता. तो मला सुचला होता. पण गूळ आठवायचा आणि पाय उचलायचे नाहीत. म्हणून मी पहिल्या खोट्यावर दुसरं चढवलं. वामनरावांना आदल्या दिवशी गावात पाठवलं आणि उद्या सकाळी शेळ्यांना लस द्यायला डॉक्टर येणार आहेत, कुणी शेळ्या हलवू नयेत, असा निरोप दिला. दहा माणसं सुखरूप आणायचं शास्त्र चार वर्षं शिकवलेल्या माणसाची ही योजना होती.

अकरा वाजेपर्यंत माळ रिकामा होता. साडेअकराला गयाबाई आल्या. हातवाऱ्यांवरून त्या न आलेल्या डॉक्टरचा उद्धार करत असाव्यात. मग त्यांना निंबाखाली दुर्गा दिसली.

त्या थांबल्या आणि शेळ्या मागेच टाकून जवळजवळ धावत आल्या. दुर्गाची हनुवटी धरून त्यांनी तिचा चेहरा वर केला. दुर्बिणीत मला दुर्गाचे आवळलेले ओठ दिसत होते आणि डोळ्यांतून येणारं पाणीही. परीक्षक गेल्या वर्षीचेच होते. ते म्हणाले, "अरे वा, तोच व्यत्यय." माझा हात गळ्यातल्या शिट्टीवर गेला. ती वाजवायचा मला अधिकार नव्हता.

गयाबाईंनी वहीकडे पाहिलं, दुर्गाच्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं. मग सरळ उभ्या राहून, कपाळावर हात धरून त्यांनी सगळा माळ नजरेखालून घातला. त्यांची नजर आमच्या छत्रीवर येऊन थांबली आणि बराच वेळ हलली नाही. मी दुर्बीण खाली घेतली, पण चारशे पावलांवरूनही कळत होतं की त्या मलाच बघत आहेत.

त्या दुर्गाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. काय, ते दुर्गानं नंतर सांगितलं. "नापास झालती ना वं तू, माह्याशी बोलली म्हून? बोलू नको. मी समजलो."

मग त्यांनी शेळ्या गोळा केल्या आणि थोडं दूर जाऊन, दुर्गाकडे पाठ करून बसल्या. एकदाही वळून पाहिलं नाही. तुरीकडे वळणाऱ्या शेळीला बसल्या जागेवरून खडे मारत होत्या. सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या दोन बाया आल्या, तर काठी आडवी धरून त्यांना लांबून काढून दिलं. एक मोटारसायकलवाला थांबला, तर ओठांवर बोट ठेवून त्याला हाकललं. भाकरी आणली होती. तिचं फडकं सोडलं नाही.

"ती बाई काय करते आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"शेळ्या चारते आहे, सर."

सूर्य मावळला. दुर्गा उठली. परीक्षकांनी तक्त्यात लिहिलं, 'व्यत्यय : निरंक.' आणि पूर्ण गुण दिले. या खेपेला सही करताना माझं अक्षर वळणदार आलं. दुर्गा आता सह्याद्रीत आहे, दुसऱ्या एका शिबिरात, आणि तिथले लोक मला सांगतात की ती माणसं फार मोजते.

मी टेकाड उतरून गयाबाईंकडे गेलो. दुर्गा त्यांच्या गळ्यात पडून नुकतीच वामनरावांबरोबर जीपकडे गेली होती. गयाबाईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "खोटं काहून बोलले, मास्तर?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मंग वाटू द्या लागत होतं." काठी टेकून त्या उठल्या. "लशीचं बी तुमचंच काय?"

मी हो म्हणालो. तेवढं तरी खरं सांगितलं. म्हटलं, "पण तुम्ही ओळखलंत. परीक्षा आहे हे ओळखून लांब जाऊन बसलात. उपकार झाले."

"लांब कुठी बसलो?"

मी वळून पाहिलं. दिवसभर दुर्बिणीतून बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्या पाठ करून बसल्या होत्या ती जागा विहिरीच्या अगदी काठावर होती. दुर्गा आणि विहीर यांच्या मधोमध. गेल्या वर्षीसारखीच.

"तुमी सांगतलं, पास झाली. मंग ही पोट्टी पुना काहून बसली असन?" गयाबाई म्हणाल्या. "परीक्षा असन, असं वाटलं. पन वाटलं म्हून काय झालं? म्या विहीर सोडली नाई." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "एकटी बसलेली पोट्टी परीक्षेले बसली का जीव द्याले बसली, हे कसं ओळखावं, ते शिकवता काय तुमच्या कालेजात?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग वर्षभर शिकवता काय?"

उत्तराची वाट न बघता त्या शेळ्या हाकत गावाकडे निघाल्या. मी सवयीनं मोजल्या. सातही होत्या.